भाऊबंदकीने जपलेल्या वंशावळी

२०२३च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या तहसील कार्यालयांत, भूमी अभिलेखाच्या खोल्यांत आणि जुन्या शाळांच्या कपाटांत एकच शोध चालू होता, कुणबी नोंदीचा. मराठ्यांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी गाव नमुना १४ (जन्म-मृत्यूचे कोतवाल बुक), जमिनींची खासरा पत्रके, पाहणी पत्रके, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरे चाळली गेली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली आणि पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे सरकारने जाहीर केले. आरक्षणाच्या वादाबद्दल कुणाचे मत काहीही असो, कितीतरी घरांना आपल्या खापरपणजोबांचे नाव कागदावर पहिल्यांदा दिसले ते या निमित्ताने. हे कागद मुळात लिहिले कुणी आणि कशासाठी, हे माहीत असले की पुढचा शोध नेमका होतो.

आपल्याकडे पूर्वज लक्षात राहावेत म्हणून फार थोडे लिहिले गेले. लिहिले गेले ते हक्क सांगायला, आणि बहुतेकदा भांडण लागल्यावर. पाटीलकीचा मान कुणाचा, देशमुखीत कुणाची तक्षीम, म्हणजे वाटा, किती, असा तंटा उभा राहिला की वादी आपला ‘करीना’ लिहून देई. मूळ पुरुष कुठून आला, वतन, म्हणजे वंशपरंपरेचा हुद्दा व त्याचे उत्पन्न, कसे मिळवले, त्याला मुलगे किती, त्यातला कोण वारला, कोण परागंदा झाला, असे सगळे त्यात ओळीने येते. मग गोत, म्हणजे निवाड्याची गावसभा, बसे, साक्षी होत आणि महजर, म्हणजे निवाडपत्र, तयार होई. महजराखाली पाटील, कुलकर्णी, बलुतेदार यांची नावे आपापल्या निशाण्यांसह असतात. सुताराच्या नावापाशी वाकस (लाकूड तासायचे हत्यार), कुणब्याच्या नावापाशी नांगर. ज्या घरात अक्षर कधी शिरले नव्हते, त्याचाही माणूस असा कागदावर सापडतो. म्हणून आपल्या घराण्याचे वतन नव्हते, तरी गावच्या वतनाचा महजर वाचलाच पाहिजे.

पेशवाई गेल्यावर हेच काम इंग्रज सरकारने कितीतरी मोठ्या प्रमाणावर केले, अर्थात स्वतःच्या महसुलासाठी. इनाम जमिनींवर सारा मिळत नव्हता, तेव्हा कोणते इनाम खरे आणि कोणते खालसा, म्हणजे सरकारजमा, करायचे याची चौकशी १८४३च्या सुमारास दक्षिण मराठा मुलखात सुरू झाली. १८५२च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला पक्के अधिकार मिळाले. इनामदाराला सनद दाखवावी लागे, कैफियत, म्हणजे लेखी हकिकत, द्यावी लागे आणि इनाम मिळालेल्या पुरुषापासून आपल्यापर्यंतची पिढी न् पिढी मांडावी लागे. दत्तक असेल तर तो कुणाच्या मंजुरीने घेतला, हाही प्रश्न येई. इनामदारांत यावरून संताप होता आणि अनेक घरे त्यात बुडाली. पण त्या धास्तीपोटी लिहून दिलेल्या वंशावळी आज आपल्या हाती आहेत. १८६३च्या कायद्यांनी ठरावीक रक्कम घेऊन बहुतेक इनामे कायम केली आणि चौकशीचा जोर ओसरला. कमिशनने पुराव्यासाठी हाताळलेले पेशवे दफ्तर पुण्यातल्या पुराभिलेखागारात आहे. सुमारे ३९ हजार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, बहुतेक मोडीत. संशोधकांनाही ते सहजी पाहू देत नसत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातले निवडक कागद १९३० नंतर ४५ खंडांत छापले, तेव्हा त्याचा काही भाग बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, वाचता येऊ लागला.

१८७४च्या वतन कायद्याने पाटील-कुलकर्ण्यांच्या पाळ्या (काम कुणी केव्हा करायचे) आणि प्रतिनिधी वतनदार (प्रत्यक्ष काम करणारे) नोंदवायला लावले. महार वतनाचे हक्कदारही या नोंदींत आहेत, आणि दलित घराण्यांच्या शोधात हा कागद मला फार मोलाचा वाटतो. महार वतने १९५८च्या कायद्याने संपली, पण नोंदी उरल्या. त्याआधी १९०३च्या कायद्याने जमिनीची हक्कनोंद सुरू झाली होती आणि तिच्यातून आजचे फेरफार, म्हणजे खात्यातल्या बदलांच्या नोंदी, आले.

जुना वारसाचा फेरफार सावकाश वाचावा. खातेदार मयत, वारस मुलगे दोन, धाकट्याच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ आणि तिचे नाव. मुलगा अज्ञान, म्हणजे वयाने लहान, म्हणून आई पालनकर्ती. घरच्या वंशवृक्षात जिला जागाच दिलेली नसते, ती बाई अशी सरकारी कागदात नावानिशी उभी असते. थोरल्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसले, तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे त्याच्या मागे नाव न लागलेले आणखी भाऊ असू शकतात. अशा वेळी एका फेरफारावर थांबू नये, मागचा-पुढचा काढावा. अनेक तालुक्यांचे जुने सातबारे आणि फेरफार आता ‘आपले अभिलेख’वर स्कॅन करून ठेवले आहेत. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकात, जन्म-मृत्यू असतात. जन्माची नोंद बारशाआधीच होई, म्हणून तिथे बाळाचे नाव बहुधा नसते. बापाचे नाव, जात, ‘मुलगी’ किंवा ‘मुलगा’ आणि तारीख एवढ्यावरच जुळवाजुळव करावी लागते.

तारखांपाशी पुष्कळांची गाडी अडते. इसवी सन काढायला शक असेल तर ७८ मिळवायचे, दख्खनी फसली (महसुली वर्ष) असेल तर ५९०. मोडी कागदात सुहूर सन अरबी शब्दांत येतो: ‘इहिदे अशरीन मया व अलफ’ म्हणजे ११२१. त्यात ५९९ मिळवले की १७२०-२१ साल निघते. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवत, त्यामुळे अगदी आजोबांच्या वेळचे खरेदीखतही मोडीत निघू शकते.

वर्तमानपत्रांचे दालन उशिरा उघडले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ला निघाले, पण घराण्याचा माग काढायला ते फारसे उपयोगी नाही. ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ला पुण्यात सुरू झाले, ‘केसरी’ १८८१ला. या पत्रांत बातमीपेक्षा जाहिरातींचे आणि किरकोळ मजकुराचे रकाने पाहावेत. वाटणीच्या दाव्याच्या नोटिसा, दत्तकाला हरकत, ‘अमक्याशी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार नाही’ असे खुलासे. पुन्हा भाऊबंदकीच, फक्त आता छापलेली. शिवाय वर्गणीच्या पोचा असतात. रायगडावरच्या शिवस्मारकासाठी १८९५ला ‘केसरी’ने फंड उघडला, तेव्हा लहानसहान रकमा देणाऱ्यांची नावेही छापून येत होती.

ब्राह्मणी पुण्याबाहेरच्या घरांसाठी दुसरी पत्रे पाहावी लागतात. नगरच्या मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२पासूनचे. ख्रिस्ती कुटुंबांचे बाप्तिस्मे, मृत्यू, बदल्या त्यात येत. कृष्णराव भालेकरांनी १८७७ला काढलेले आणि पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी चालवलेले ‘दीनबंधु’ सत्यशोधक आणि गिरणी कामगारांच्या जगाचे. त्याचे अंक आज दुर्मीळ आहेत, ही मोठीच हानी आहे. पुणे नगर वाचन मंदिर, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय अशा शतकापलीकडच्या संस्थांत जुन्या नियतकालिकांसाठी चौकशी करावी.

आणि ज्यांच्याकडे ना वतन होते ना जमीन, त्यांची एक नोंद समुद्रापार झाली. १८३४पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले पुष्कळ होते. मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरताच प्रत्येकाला क्रमांक मिळे आणि नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव रजिस्टरात चढे. १८६०च्या दशकापासून फोटोही काढू लागले. मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ही रजिस्टरे जपलेली आहेत. तिथल्या मराठी घरांत आडनाव हरवून पूर्वजाचे नावच आडनाव झाले, त्यामुळे आडनावावरून उलटे येता येत नाही. गावावरूनच यावे लागते, आणि गाव लिहिले परक्या कारकुनाने कानाला लागले तसे. ती अक्षरे तालुक्यांच्या जुन्या गावयाद्यांशी ताडायची असतात, आणि सिंधुदुर्ग १९८१ला वेगळा झाला हे धरून, ‘रत्नागिरी’ लिहिले असले तरी मालवण, वेंगुर्ले, देवगडकडची गावेही पाहायची असतात.