आधी खिडकी, मग यंत्र

न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग 1931 सालची, 102 मजल्यांची. 2009 च्या सुमारास तिचं नूतनीकरण सुरू झालं. मूळ बेत शीतकरणाची जुनी यंत्रणा काढून नवी, वाढीव क्षमतेची बसवण्याचा होता. ऊर्जातज्ज्ञांनी प्रश्नच उलटा केला: इमारतीला एवढा गारवा लागतोच कशाला? मग 6,514 खिडक्या एकेक करून उतरवल्या गेल्या. दुहेरी काचांच्या मधे लेप दिलेली पारदर्शक फिल्म ताणून बसवली, पोकळीत जड वायू भरला आणि खिडक्या पुन्हा जागेवर लावल्या. हे काम इमारतीच्याच पाचव्या मजल्यावर झालं आणि काचा जवळपास सगळ्या जुन्याच वापरल्या. जोडीला दिवे आणि नियंत्रणव्यवस्था सुधारली. त्यामुळे शीतकरणाचा भार इतका उतरला की मोठी यंत्रणा घ्यावीच लागली नाही, जुनीच दुरुस्त करून भागलं. तो वाचलेला पैसा बाकीच्या सुधारणांच्या कामी आला.

ऊर्जाबचतीत कामांचा क्रम किती महत्त्वाचा असतो, हे यातून कळतं. आपण नेमका उलटा क्रम धरतो. आधी चांगला एसी घेतो, आणि खोली तरीही तापते म्हणून पुढच्या वेळी त्याहून मोठा घेतो. यंत्राची कार्यक्षमता वाढली तरी फुटक्या हौदात पाणी भरण्याचं काम तेच राहतं. शिवाय गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन गार करून बंद पडतो. हवेतला दमटपणा काढायला त्याला पुरेसा वेळच मिळत नाही, म्हणून दमट हवेत गारवा असूनही चिकचिक जात नाही.

घरात उष्णता शिरते कुठून? उष्ण हवामानात पहिला संशय खिडकीवर घ्यावा. स्वच्छ आकाशात सूर्यासमोर धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे 1,000 वॅट ऊर्जा पडते. पश्चिमेचा सूर्य कलतो तेव्हा हा आकडा कमी होतो, पण किरण उभ्या काचेवर जवळजवळ सरळ येतात. दोन चौरस मीटरच्या साध्या काचेतून तेव्हा हजार वॅटच्या आसपास उष्णता सहज आत येते. आतून पडदा ओढला तर डोळ्यांना बरं वाटतं, पण ऊन एव्हाना काच ओलांडून आलेलं असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. तेच ऊन काचेबाहेर छज्जा, झडप किंवा बांबूच्या चिकाच्या पडद्याने अडवलं तर ते आत पोहोचतच नाही. माझ्या मते इतकं स्वस्त आणि इतकं दुर्लक्षित तंत्र दुसरं नाही. छताचंही तसंच. गडद गच्ची बरंचसं ऊन शोषते, तर चांगला पांढरा परावर्तक थर त्यातलं बहुतेक परत फेकतो. फक्त त्यावर धूळ साचू देता कामा नये.

भिंतींचं गणित वेगळं आहे. उष्णता अडवण्यात स्थिर हवा पटाईत असते, आणि बहुतेक उष्णतारोधक पदार्थ म्हणजे बारीक कप्प्यांत कोंडलेली हवाच. म्हणूनच खनिज लोकरीचा 5 सेंटिमीटर थर जे काम करतो, त्यासाठी साधी विटांची भिंत पाऊण मीटरहून जाड बांधावी लागेल. मात्र हा थर सलग हवा. बाल्कनीचा स्लॅब भिंत भेदून बाहेर गेला किंवा खिडकीला ॲल्युमिनियमची अखंड चौकट असली, की उष्णतेला आडवाट मिळते. ॲल्युमिनियम लाकडाच्या हजारपटीहून जास्त उष्णतावाहक आहे.

फटींकडे तर कुणी बघतच नाही. दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर ओढायची, आतबाहेरच्या दाबात 50 पास्कलचा फरक ठेवायचा आणि फटींतून किती हवा शिरते ते मोजायचं, अशी एक चाचणी असते. जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये 1991 साली ‘पॅसिव्ह हाऊस’ पद्धतीची, म्हणजे अगदी थोड्या ऊर्जेत भागणारी, पहिली घरं उभी राहिली. या पद्धतीच्या निकषानुसार चाचणीत घरातली हवा तासाला 0.6 पटीहून जास्त बदलता कामा नये, आणि घर उबदार ठेवायला वर्षाला दर चौरस मीटरमागे 15 युनिटहून जास्त उष्णता लागू नये. पण घर नुसतं बंदिस्त केलं तर ओल धरते, बुरशी येते, हवा कोंदट होते. म्हणून अशा घरांत ताजी हवा यंत्राने, ठरलेल्या वाटेने आणतात आणि बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आत येणाऱ्या थंड हवेला देतात. फटी बुजवताना वायुवीजन विसरलं, तर बचतीची किंमत फुप्फुसांना मोजावी लागते.

सार्वजनिक इमारतींचं दुखणं बरेचदा भिंतींत नसतं, वेळापत्रकात असतं. कार्यालय, शाळा, ग्रंथालय इथली माणसं संध्याकाळी घरी जातात, पंखे आणि पंप चालूच राहतात. एकाच मजल्यावर एक यंत्रणा गरम करतेय आणि दुसरी गार, हे दृश्यसुद्धा दुर्मीळ नाही. इथे भौतिकशास्त्र आपल्या बाजूने आहे: पंख्याला लागणारी वीज त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग 20 टक्क्यांनी उतरवला की वीज जवळपास निम्मी लागते. सभागृहात दहाच माणसं असताना पाचशेंसाठीची हवा खेळवायची नसेल, तर कार्बन डायऑक्साइड मोजणारा संवेदक बसवून पंख्याचा वेग त्यावर सोपवता येतो. आणि इमारतीचं निदान करायला पहाटे तीनचं मीटर वाचावं. कुणीही नसताना दिवसाच्या निम्मी वीज जात असेल, तर आधी तिचा माग काढायचा.

एवढं झालं की यंत्राची पाळी. थंड प्रदेशांत सध्या हीट पंपाचा बोलबाला आहे. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून किंवा जमिनीतून उचलून आत आणतो, म्हणून एका युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता देऊ शकतो. पण उष्णता जितक्या ‘उंच’ तापमानाला चढवावी लागते, तितका हा हिशेब बिघडतो. गळक्या घराला रेडिएटरमध्ये 60-70 अंशांचं पाणी लागतं. उष्णतारोधक घराचं फरशीखालच्या नळ्यांतल्या 35 अंशांच्या पाण्यावर भागतं, आणि तिथे तोच पंप बराच कमी विजेत चालतो.