सोयाबीनचा बाजार अमेरिकेच्या हातून कसा निसटला

अमेरिका-चीन शुल्कयुद्धाचा इतिहास २०१८ पासून सांगायची सवय पडली आहे. सोयाबीनपुरता तरी तो १९७३ पासून सांगावा लागतो. पेरूच्या किनाऱ्यावरची अँकोव्ही मासळी आटल्याने फिशमीलची, म्हणजे मासळीच्या भुकटीच्या खाद्याची, टंचाई झाली, पशुखाद्यवाले सोयापेंडीकडे धावले आणि शिकागोच्या वायदे बाजारात सोयाबीनचा भाव बुशेलमागे, म्हणजे २७.२ किलोंना, १२ डॉलरच्या वर गेला. देशातली महागाई आवरण्यासाठी अमेरिकेतल्या निक्सन सरकारने २७ जूनला निर्यातच रोखली. काही दिवसांत बंदीऐवजी परवाने आले, तरी आधी झालेल्या सौद्यांतला निम्माच माल सुटला. बंदी अल्पकाळाची होती, पण जवळजवळ सगळे सोयाबीन अमेरिकेकडून घेणारा जपान हादरला. १९७९ मध्ये त्याने ब्राझीलच्या सेराडो पठारावर शेती उभी करण्यासाठी पैसा घातला.

ते सोपे नव्हते. तिथली माती आम्लधर्मी, तिच्यातल्या ॲल्युमिनियममुळे मुळे खोल जात नाहीत, स्फुरद तर नावालाच. हेक्टरी काही टन चुना टाकून ती आधी सुधारावी लागली. शिवाय सोयाबीन दिवसाच्या लांबीवर फुलते. थंड प्रदेशातली वाणे विषुववृत्ताकडे पेरली की पुरेशी वाढण्याआधीच फुलोऱ्यावर येत. १९७३ मध्येच स्थापन झालेल्या एम्ब्रापा या सरकारी संशोधन संस्थेने उशिरा फुलणारी वाणे दिली, तेव्हा हे पीक तिथे स्थिरावले.

पुढे चीन गिऱ्हाईक झाला. २००१ मध्ये तो जागतिक व्यापार संघटनेत आला. सोयाबीनवर शुल्क फक्त ३ टक्के राहिले आणि बंदरांलगत गाळप कारखाने उभे राहिले. एक टन दाण्यातून साधारण ७९० किलो पेंड आणि १८५ किलो तेल निघते. ही पेंड डुकरे आणि कोंबड्यांना लागते.

६ जुलै २०१८ रोजी अमेरिकेने ३४ अब्ज डॉलरच्या चिनी मालावर २५ टक्के शुल्क लावले. चीनने त्याच दिवशी तेवढ्याच शुल्काने उत्तर दिले, आणि यादीत सोयाबीन होते. एकूण शुल्क २८ टक्के. सुमारे ७० हजार टन माल घेऊन दालियानकडे निघालेले 'पीक पेगासस' जहाज शुल्क लागू झाल्यावर पोचले आणि महिनाभर समुद्रात घिरट्या घालत राहिले. शिकागोतला भाव मेअखेरच्या साडेदहा डॉलरवरून साडेआठपर्यंत आला, तर ब्राझीलच्या मालाला शिकागोच्या भावापेक्षा बुशेलमागे दोन डॉलरहून जास्त मिळू लागले. स्वस्त झालेला अमेरिकी माल युरोपने उचलला, दुष्काळात सापडलेल्या अर्जेंटिनानेही घेतला. पण जगात विकल्या जाणाऱ्या सोयाबीनपैकी सुमारे ६० टक्के एकटा चीन घेतो. त्याची जागा कोणीच भरू शकत नव्हते. सर्वात वाईट हाल नॉर्थ डकोटाचे झाले. तिथला माल रेल्वेने पॅसिफिक किनाऱ्यावर आणि तिथून चीनला जायचा. तो रस्ता अडला तेव्हा ऐन काढणीत गोदामे तुंबली. सरकारने बुशेलमागे १.६५ डॉलर भरपाई दिली. त्यातून कर्जाचे हप्ते फिटले, गिऱ्हाईक परत आले नाही.

चीनच्या आयातीत अमेरिकेचा वाटा २०१६ मध्ये सुमारे ४० टक्के होता, २०२४ मध्ये सुमारे २० उरला. मार्च २०२५ मध्ये चीनने पुन्हा १० टक्के जादा शुल्क लावले, एप्रिलमध्ये ते आणखी भडकले. सप्टेंबरमध्ये चीनने अमेरिकेतून सोयाबीन घेतलेच नाही. त्याच महिन्यात अर्जेंटिनाने निर्यातकर दोन-तीन दिवसांपुरता काढला आणि चिनी खरेदीदारांनी जहाजेच्या जहाजे ठरवून टाकली.

ऑक्टोबरअखेर दक्षिण कोरियात बुसानला ट्रम्प आणि शी जिनपिंग यांची भेट झाल्यावर अमेरिकेने जाहीर केले, की चीन २०२६ ते २०२८ दरवर्षी अडीच कोटी टन घेईल. तरी नोव्हेंबरपासून अमेरिकी दाण्यावर चीनमध्ये १३ टक्के शुल्क होते, ब्राझीलच्या दाण्यावर ३. या फरकात खाजगी गाळप कारखान्याचे गणित बसत नव्हते. म्हणूनच त्यानंतरची खरेदी मुख्यतः कॉफ्को आणि सिनोग्रेन या सरकारी कंपन्यांनी केली.