सही असलेलं प्रिंट आणि ओरिजिनल प्रिंट, दोन्ही एकच नाही

परवा एका मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला, फ्रेममध्ये स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचं प्रिंट, खाली उजवीकडे पेन्सिलने सही आणि डावीकडे १४७/३०० असा आकडा, आणि विचारलं की लिमिटेड एडिशन आहे, सही आहे, म्हणजे ओरिजिनलच ना? मी कॉलेजमध्ये प्रिंटमेकिंग केलंय म्हणून हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो, आणि दरवेळी जाणवतं की ओरिजिनल प्रिंट आणि रिप्रॉडक्शन यात लोकांचा खूप घोळ होतो, म्हणून एकदा नीट लिहितेच.

ओरिजिनल प्रिंट म्हणजे चित्रकाराने स्वतः प्लेटवर, दगडावर किंवा लाकडावर चित्र केलं आणि त्यावरून कागदावर छाप काढले. आधी कुठे पेंटिंग होतं आणि त्याची ही कॉपी, असं तिथे नसतंच, छाप हेच चित्र. रिप्रॉडक्शनमध्ये चित्र आधीच तयार असतं, त्याचा फोटो काढून ऑफसेटवर, म्हणजे पुस्तकं-पोस्टर निघतात त्या मशीनवर, छापतात, आणि मग त्याच्या ३०० प्रती काढून नंबर टाकले काय किंवा ३००० काढून न टाकले काय, ते पोस्टरच राहतं. आकडा फक्त मोजणी सांगतो, कसं बनवलं ते नाही सांगत.

स्पॅनिश चित्रकार गोयाचं बघा. त्याने १७९९ ला माद्रिदमध्ये ‘लोस काप्रिचोस’ हा ८० प्रिंट्सचा संच काढला, एचिंग आणि अ‍ॅक्वाटिंट, म्हणजे अ‍ॅसिडने प्लेटवर रेषा आणि राखाडी छटा कोरायच्या पद्धती, एका अत्तर आणि दारूच्या दुकानातून विकायला ठेवला, सुमारे ३०० संच, आणि त्यातले अगदी थोडे खपले. १८०३ मध्ये त्याने प्लेट्स आणि उरलेले संच राजाला देऊन टाकले आणि बदल्यात मुलासाठी पेन्शन घेतली. त्या संचांवर ना पेन्सिलची सही ना नंबर, ती पद्धतच खूप नंतरची, आणि तरी जगातल्या सगळ्यात ओरिजिनल प्रिंट्समध्ये ते मोजले जातात, कारण प्लेट गोयाच्या हातची. त्याच प्लेट्सवरून पुढे विसाव्या शतकापर्यंत छाप निघत राहिले, ते पण त्याच्याच प्लेटचे, पण अ‍ॅक्वाटिंटचा राखाडी दाणा घासून गेलेला, पहिल्या छापातला मखमली अंधार त्यात राहिला नाही.

आता दाली. त्याने सत्तरच्या दशकात हाच संच हातात घेतला, ८०च्या ८०. गोयाच्या छापांचे फोटो हेलिओग्रॅव्ह्यूरने, म्हणजे फोटो तांब्यात कोरायच्या पद्धतीने, प्लेटवर उतरवले, त्यावर दालीने ड्रायपॉइंटने आपल्या वितळल्यासारख्या आकृत्या घातल्या, स्टेन्सिलने रंग दिला, खालची शीर्षकंही बदलली, आणि १९७७ ला पॅरिसमधून २०० प्रतींची एडिशन निघाली. त्याआधी १९७४ ला राफाएल, वेलाझ्केझ, वर्मीर, रेम्ब्रांट यांच्या पेंटिंग्जवर असाच ‘चेंजेस इन ग्रेट मास्टरपीसेस’ हा संच आला होता. मग हे ओरिजिनल की रिप्रॉडक्शन? मला विचाराल तर दोन्ही, एकाच कागदावर. खालचा गोया फोटोवरून आलेला, वरचा दाली हाताने ओरखडलेला, आणि मजा बघायची ती जिथे दोन रेषा एकमेकींना भेटतात तिथे.

ड्रायपॉइंट ज्याने केलंय त्याला ते लगेच दिसतं. अ‍ॅसिड नाही, काही नाही, टोकदार सुईने सरळ तांबं ओरबाडायचं, आणि रेषेच्या बाजूला तांब्याची बारीक कड उचलली जाते, बोट फिरवलं तर कुसळासारखी टोचते, तिला बर म्हणतात. शाई त्या बरमध्ये अडकते म्हणून कागदावर रेष काठाला पसरलेली, केसाळ दिसते. प्रेसखाली बर पटकन दबते, थोड्याच छापांनंतर रेष कोरडी पडते, म्हणून मोठी एडिशन काढायची तर प्लेटवर स्टीलचा पातळ मुलामा चढवतात. हे सगळं ऑफसेटला नकली करता येत नाही.

भिंग घेऊन बघा. ऑफसेट असेल तर निळे, गुलाबी, पिवळे ठिपके ओळीने बसलेले दिसतात. हेलिओग्रॅव्ह्यूरमध्ये मात्र असे ठिपके नसतात, अ‍ॅक्वाटिंटसारखा विस्कळीत दाणा असतो, त्यामुळे फोटोवरून आलेला भागही फसवू शकतो. प्लेटच्या कडेचा दबलेला चौकोन बघा म्हणतात, पण कोरी प्लेट दाबून तोही खोटा पाडता येतो, एकट्या त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

आपल्याकडे रविवर्मा प्रेसची लक्ष्मी-सरस्वती कितीतरी घरांत होती. १८९४ ला मुंबईत सुरू झालेली ती प्रेस, दगडावर हाताने काम करणारे कारागीर, अप्रतिम छपाई, माझा त्यांच्यावर जीव आहे. पण तरी ती पेंटिंगची रिप्रॉडक्शन्सच, दगडावर हात रविवर्मांचा नव्हता. रिप्रॉडक्शन म्हणजे टाकाऊ असं मी म्हणत नाहीये, फक्त नाव योग्य द्या आणि पैसे त्या हिशोबाने द्या.

दालीच्या बाबतीत तर सहीवर जाऊच नका, कारण त्याने कोऱ्या कागदांवर ढिगाने सह्या केल्या. १९७४ ला फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या अँडोरा या चिमुकल्या देशाच्या सीमेवर फ्रेंचांनी एक ट्रक अडवला, त्यात त्याने सही केलेले चाळीस हजार कोरे कागद सापडले. म्हणजे सही खरी, कागद खरा, आणि वरचं चित्र नंतर कोणीही काहीही छापलेलं. म्हणून जाणकार आधी कागद उजेडाला धरून वॉटरमार्क, म्हणजे कागदातच उमटवलेली खूण, बघतात, आर्श आणि रीव्ह्ज या फ्रेंच ब्रँडच्या कागदांवर १९८० पासून अनंताचं चिन्ह (∞) आलं, आणि तोवर दालीचा हात इतका थरथरायला लागला होता की अशा कागदावर ठणठणीत सही दिसली की शंका घ्यायची.

मैत्रिणीला सांगितलं, फ्रेम उघड, मोबाइलवर भिंग धरून चेहऱ्याचा फोटो पाठव. रात्री आला. गालावर, केसांत, आकाशात, सगळीकडे ओळीने ठिपके. ठिपके नव्हते ते फक्त पेन्सिलच्या सहीत.