बहिऱ्या टायमरचे सूर

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत सुट्या भागांच्या दुकानात ‘ट्रिपल फाइव्ह द्या’ एवढे म्हटले, की काउंटरवर आठ पायांची, नखाएवढी काळी चिप येते. हान्स कामेन्झिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीसाठी आखलेली ही ५५५ टायमर चिप, म्हणजे वेळ मोजून विजेचे ठोके देणारी चिप, १९७२ मध्ये बाजारात आली. तिच्या पोटात ५ किलोओहमचे तीन रेझिस्टर (विजेच्या प्रवाहाला रोध करणारे भाग) असल्यामुळे हे नाव पडले, अशी कथा अनेक जण सांगतात. खुद्द कामेन्झिंड यांनी मात्र तो आकडा सहज निवडला गेला, असे सांगितले होते.

नावाशी नसला, तरी या चिपेतून काढता येणाऱ्या आवाजाशी त्या तीन रेझिस्टरांचा संबंध थेट आहे. ते बॅटरीच्या व्होल्टेजचे तीन समान भाग करतात. बाहेर जोडलेला कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग, दोन तृतीयांशापर्यंत भरला, की चिप त्याला रिता करू लागते आणि तो एक तृतीयांशावर उतरला, की पुन्हा भरू देते. या भरती-ओहोटीच्या तालावर आउटपुटचा पाय चालू-बंद होतो आणि स्पीकर भुणभुणतो. मर्यादा ठरावीक व्होल्टच्या नसून प्रमाणाच्या असल्याने बॅटरी थोडी उतरली, तरी सूर फारसा ढळत नाही.

एकट्या टायमरची भुणभुण पाच मिनिटांत कंटाळा आणते. खरी गंमत अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स लेखक फॉरेस्ट मिम्स यांच्या दोन टायमरांच्या मांडणीत आहे, जी पुढे ‘अटारी पंक कन्सोल’ या नावाने हौशी मंडळींत रूढ झाली. तीत पहिला टायमर सतत ठोके देतो. दुसरा प्रत्येक ठोक्याला स्वतःचा एक स्पंद सोडतो, पण तो स्पंद संपेपर्यंत मधल्या ठोक्यांना चक्क बहिरा असतो. पहिला सेकंदाला १००० ठोके देत असेल, तर दोन ठोक्यांत १ मिलिसेकंदाचे अंतर पडते. दुसऱ्याला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १५ किलोओहमचा रोध दिला, तर त्याचा स्पंद सुमारे १.६५ मिलिसेकंद चालतो. म्हणजे एक ठोका वाया जातो आणि कानी ५०० हर्ट्झ येतात. रोध २४ किलोओहम केला, की दोन ठोके वाया जाऊन ३३३ हर्ट्झ उरतात. पॉट, म्हणजे रोध कमी-जास्त करणारे बटण, सावकाश फिरवले, तरी सूर घसरत नाही, तो पायऱ्या उतरतो, याचे कारण हे आहे.

बांधणीसाठी ब्रेडबोर्ड (डाग न देता सुटे भाग खोचून जोडायची पाटी), दोन चिपा, दोन पॉट आणि ९ व्होल्टची बॅटरी पुरते. स्पीकरला आउटपुट १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून द्यावे. माझी पहिली चिप बॅटरीची टोके क्षणभर उलटी टेकल्याने बोट भाजण्याइतकी तापून गेली, म्हणून चिपा चार आणाव्यात.

या पायऱ्या गाणाऱ्यांच्या ओळखीच्या आहेत. १००० हर्ट्झ हा तार षड्ज मानला, तर निम्म्यावर मध्य षड्ज, एक तृतीयांशावर मंद्र मध्यम, चौथ्या पायरीवर, म्हणजे एक चतुर्थांशावर, मंद्र षड्ज आणि पाचव्या पायरीवर अतिमंद्र कोमल धैवत मिळतो. सहावीवर पुन्हा मध्यम येतो. सातवीचा सूर मात्र शुद्ध रिषभाच्या वर आणि कोमल गांधाराच्या खाली असा अधांतरी पडतो, आणि तो हार्मोनियमच्या ना काळ्या पट्टीत सापडतो, ना पांढऱ्या.