आँत्रशा : वेणी घातलेली उडी

बॅलेतल्या 'आँत्रशा' या शब्दाची फोड नवखा माणूस हमखास चुकवतो. फ्रेंचमध्ये 'आँत्र' म्हणजे मध्ये आणि 'शा' म्हणजे मांजर. पण या उडीत मांजर कुठेच नाही. असलीच तर बकरी आहे.

मूळ शब्द इटालियन, 'काप्रिओला इंत्रेच्चाता'. 'त्रेच्चा' म्हणजे वेणी आणि 'इंत्रेच्चाता' म्हणजे गुंफलेली. 'काप्रिओला' ही बकरीकुळातल्या शब्दावरून आलेली टुणकन उडी. (आपण फोनवरून बोलावतो ती 'कॅब' याच शब्दाची पणती. उसळत धावणाऱ्या हलक्या घोडागाडीला फ्रेंचांनी 'काब्रिओले' म्हटलं, त्याचं हे शेपूट.) मिलानचे नृत्यगुरू चेझारे नेग्री यांच्या १६०२ च्या ग्रंथात अशा काप्रिओलांचे धडे आहेत.

इटालियन नृत्यगुरू फ्रेंच दरबारात पोचले ते सोळाव्या शतकात. फ्लोरेन्सची कॅथरीन द मेदिची १५३३ मध्ये फ्रान्सची सून झाली, आणि पुढे तिच्या आश्रयाने हा शौक तिथे फोफावला. १५८१ चा गाजलेला दरबारी बॅले बसवणारा बाल्दास्सारे दा बेल्जोयोसो पॅरिसमध्ये 'बाल्ताझार द बोज्वायो' झाला. माणसाच्या नावाचं हे झालं, तिथे उडीच्या नावाची काय कथा! 'काप्रिओला' गळून पडली आणि 'इंत्रेच्चाता' फ्रेंच कानाला ओळखीच्या वाटणाऱ्या तुकड्यांत बसवली गेली. १६६१ मध्ये चौदाव्या लुईने नृत्याची अकादमी काढली. पुढे बॅलेची परिभाषा फ्रेंचच राहिली.

उडी पाहिली की वेणी लगेच पटते. नर्तक सरळ वर उसळतो आणि हवेत असेपर्यंत ताठ पाय पुढून मागे, मागून पुढे झपाझप ओलांडतात. हे पेड बघणाऱ्याला दिसायला हवेत ना! ब्रसेल्समध्ये जन्मलेली मारी कामार्गो पॅरिसच्या ऑपेरात १७२६ मध्ये उतरली. तोवर पुरुषांची मानलेली ही पायांची करामत ती सफाईने करायची, आणि पावलं दिसावीत म्हणून तिने घागरा घोट्याच्या वर घेतला, असं सांगतात. मला ती चार बोटं कापड नृत्याच्या इतिहासात फार मोलाची वाटतात.

मोजणी मात्र फसवी आहे. एकदा ओलांडलं की दोन धरतात, प्रत्येक पायाचा एक. त्यामुळे 'आँत्रशा कात्र', म्हणजे चारचा आँत्रशा, यात पाय दोनदाच ओलांडतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा रशियन नर्तक निजिन्स्की दहाचा करायचा. ब्रिटिश नर्तक वेन स्लीप यांनी १९७३ मध्ये बाराचा केला, म्हणजे एका उडीत सहा पेड.