पार्श्वभूमी : इस्तंबूलच्या लेखिका आपल्या नावाने कशा छापून येऊ लागल्या

इस्तंबूलमध्ये १८९५ साली ‘हानिमलारा महसूस गझेते’, म्हणजे खास स्त्रियांसाठीचे वर्तमानपत्र, सुरू झाले आणि १९०८ पर्यंत चालले. सहाशेहून अधिक अंक निघाले. उस्मानी साम्राज्यात स्त्रियांचे दुसरे कोणतेही नियतकालिक इतके टिकले नाही. मालक मेहमेद ताहिर पुरुष होते, पण त्यात बायका स्वतःच्या नावाने लिहीत होत्या.

१८३९ च्या गुलहाने फर्मानाने ‘तंझिमात’ सुधारणांचे पर्व सुरू झाले. त्यात भर होता तो कर, सैन्यभरती आणि न्यायावर. स्त्रियांचा विषय नव्हताच. त्यांच्यापर्यंत सुधारणा पोचली ती शाळेच्या वाटेने. १८५९ मध्ये राजधानीत मुलींची सरकारी रुश्दिये, म्हणजे प्राथमिकच्या पुढची, शाळा निघाली, १८६९ च्या कायद्याने मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १८७० मध्ये शिक्षिका घडवणारे विद्यालय उघडले. सक्ती बरीचशी कागदावरच राहिली, तरी शहरांत वाचणाऱ्या मुलींची एक पिढी उभी राहिली.

या वाचक लगेच लिहूही लागल्या. ‘तेराक्की’ या वर्तमानपत्राने १८६९ मध्ये स्त्रियांसाठी साप्ताहिक पुरवणी काढली. ‘तेराक्की’कडे आलेल्या पत्रांत आगबोटींबद्दलची एक तक्रार आहे : भाडे पुरुषांइतकेच घेता, मग बायकांच्या वाट्याला बसायची जागा इतकी वाईट का? मला हे पत्र मोठमोठ्या अग्रलेखांपेक्षा मोलाचे वाटते. त्यात दयेची याचना नाही; पैसे मोजले आहेत, हिशेब द्या, एवढेच म्हणणे आहे. पुढे १८८६ मध्ये आरिफे हानिम (हानिम म्हणजे बाई) यांनी ‘शुकूफेझार’ हे नियतकालिक काढले. लांब केसांच्या बायकांना अक्कल तोकडी, असे हिणवणाऱ्यांना आम्ही खोटे पाडू, असे त्यात बजावले होते.

तरीही नाव छापणे सोपे नव्हते. इतिहासकार आणि कायदेपंडित अहमद जेवदेत पाशा यांची मुलगी फातमा आलिये घरीच फ्रेंच शिकली. लग्नानंतर कित्येक वर्षे नवऱ्याला त्यांचे कादंबऱ्या वाचणेही खपत नसे. १८९० मध्ये त्यांनी एका फ्रेंच कादंबरीचा ‘मेराम’ हा अनुवाद केला, त्यावर सही होती फक्त ‘एक बाई’. त्यानंतरची सही ‘मेरामची अनुवादिका’. १८९२ मध्ये ‘मुहादरात’ ही स्वतंत्र कादंबरी मात्र नावानिशी आली, आणि तीन वर्षांनी त्याच फातमा आलिये ‘हानिमलारा महसूस’मध्ये इस्लामी इतिहासातल्या कर्तबगार स्त्रियांची चरित्रे लिहू लागल्या. शायरा निगार हानिमही तिथे लिहीत.

सुलतान दुसरा अब्दुलहमीद याच्या कडक सेन्सॉरखाली राजकारण वर्ज्य होते. चांगली आई, चांगली पत्नी, चांगली मुसलमान घडवायची, हे ‘हानिमलारा महसूस’चे जाहीर धोरण. म्हणून त्याला बुळे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. बालसंगोपन आणि शिवणकामाच्या शेजारीच मुलींच्या शिक्षणाची मागणी येत होती. बहुपत्नीत्वाची तरफदारी करणाऱ्या महमूद एसाद यांच्याशी फातमा आलिये यांनी याच काळात उघड वाद घातला.

१९०८ मध्ये राज्यघटना पुन्हा लागू झाली आणि सूर चढला. १९१३ मध्ये नूरिये उल्विये यांनी ‘कादिन्लार दुन्यासी’ काढले, सुरुवातीला चक्क दैनिक! स्त्रियांचे हक्क मान्य होईपर्यंत पुरुषांचे लेखन छापायचे नाही, असा त्यांचा नेम होता. टेलिफोन कंपनीने मुसलमान स्त्रियांना नोकरी नाकारली तेव्हा अर्ज करणाऱ्या बेद्रा ओस्मान यांची बाजू त्यांनी लावून धरली, आणि कंपनीला मुसलमान स्त्रिया कामावर घ्याव्या लागल्या.