‘समकालीन’ जॅझ : एका शब्दाची पार्श्वभूमी

यवतमाळ किंवा भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यात जॅझ, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसे फुलवत वाजवायचे अमेरिकी संगीत, ऐकणारा माणूस विरळाच, आणि जो आहे तो मोबाइलवरच ऐकतो. त्याने ‘समकालीन जॅझ’ असे शोधले, तर या वर्षी-दोन वर्षांत निघालेल्या ध्वनिमुद्रिकांच्या आधी त्याच्या पुढ्यात बहुधा 1980 नंतर अमेरिकी रेडिओवर रुळलेले गुळगुळीत सॅक्सोफोनवादन येते.

या घोटाळ्याचे मूळ नावात आहे. मराठीत ‘समकालीन’ म्हटले की ‘कोणाचा?’ हा प्रश्न लागलीच येतो. अमेरिकी संगीत व्यवसायाने मात्र हा काळवाचक शब्द एका प्रकाराला चिकटवून टाकला. विजेवरची वाद्ये आणि रॉकचा ठेका घेतलेल्या जॅझसाठी तिथल्या सर्वांत प्रतिष्ठित ‘ग्रॅमी’ संगीत पुरस्कारांत 1980 पासून ‘फ्यूजन’ असा वेगळा विभाग होता, आणि 1992 मध्ये त्याच जागी ‘समकालीन’ हे नाव आले. पुढे 2011 मध्ये पुरस्कारांचे विभाग 109 वरून 78 वर आणताना हा विभाग जॅझ वाद्यसंगीताच्या सर्वसाधारण विभागात मिसळला गेला. त्याच निर्णयात लॅटिन अमेरिकी ठेक्यांवरच्या ‘लॅटिन जॅझ’चाही विभाग गेला. त्या वादकांनी थेट न्यायालय गाठले आणि वर्षभरात त्यांचा विभाग परत आला. ‘समकालीन’ परतला नाही, आणि प्रस्तुत लेखकाला त्यात काही गैर वाटत नाही, कारण तोवर त्या नावाखाली धाडसी प्रयोग आणि हॉटेलातले पार्श्वसंगीत एकाच पंगतीला बसले होते. 2024 मध्ये ‘पर्यायी जॅझ’ असा नवा विभाग आला. तो कशाला पर्याय, हे विचारायची सोय पुन्हा नाहीच.

त्याआधीचा इतिहास आपल्याकडे आडवाटेने पोहोचला. 1930 च्या दशकात मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजत होते. तिथले अनेक गोवेकर वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले, आणि सिनेमाच्या गाण्यांवाटे तो सूर वऱ्हाडातल्या वरातीच्या बँडपर्यंत आला. 1955 पासून अमेरिकी सरकारी प्रसारणाचा जॅझचा कार्यक्रम लघुलहरींवर लागत असे, तो घरी चांगला रेडिओ असणाऱ्यांपुरता.

खरा फरक 2016 नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाल्यावर पडला. लंडनच्या तरुण वादकांनी आफ्रिकी आणि कॅरिबियन ठेक्यांवर बांधलेले जॅझ निघाले त्याच दिवशी गावात ऐकता येऊ लागले. न्यूयॉर्कमधल्या भारतीय वंशाच्या एका अल्टो सॅक्सोफोनवादकाने कर्नाटक संगीत सॅक्सोफोनवर वाजवणाऱ्या ज्येष्ठ कलावंतासोबत 2008 मध्ये काढलेली ध्वनिमुद्रिकाही आपल्याकडच्या काहींच्या कानी पडली ती त्यानंतरच. रात्रभर खंजिरी भजन ऐकलेल्या कानाला तिच्यातली वादकांची देवाणघेवाण परकी वाटत नाही.

एक गोष्ट मात्र या सोयीत हरवली. जुन्या लाँगप्ले तबकडीच्या वेष्टनावर ड्रम कोणी वाजवला, बास कोणाचा, मुद्रण कोणत्या तारखेला झाले हे छापलेले असे. मोबाइलवर बहुतेकदा म्होरक्याचे नाव तेवढे ठळक दिसते. जॅझमध्ये मागे ड्रमवर कोण बसले आहे यावर पुढच्याचे वादन कुठे वळेल हे ठरते, आणि नेमके तेच नाव शोधण्यासाठी श्रोत्याला दुसरीकडे जावे लागते.